पाच दिवसांच्या आत

व्हर्नाने पिठाचे हात एप्रनला पुसले आणि घडी केलेला कागद नोरीनच्या टेबलावर ठेवला.

"घे बाई. पाच दिवसांच्या आत लेखी कळवायचं असतं ना? आज चौथा."

नोरीनने कागद वाचला. केंटकीच्या खाणपट्ट्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरपोच जेवण देणाऱ्या या केंद्राची ती प्रमुख. केंद्र चालायचं सरकारी अनुदानावर, आणि अनुदान हवं तर कामाच्या जागी अमली पदार्थांचं नाव नको; कुणी तशा गुन्ह्यात दोषी ठरलं तर त्याने पाच दिवसांत लेखी कळवायचं. दर जानेवारीत ती हा नियम मोठ्याने वाचून दाखवी. बाकीचे डोनट चघळत न ऐकताच सह्या ठोकत. कान देऊन ऐकायची ती एकटी व्हर्ना. बासष्ट वर्षांची, केंद्राच्या गाडीतून डबे पोचवणारी.

"कोर्ट शेजारच्या जिल्ह्यातलं, मावशी. इथे कुणाला पत्ताही लागला नसता."

"पण सही केली होती ना मी!"

मार्चमध्ये गाडीचा मागचा दिवा बंद होता म्हणून पोलिसाने तिला थांबवलं, आणि डब्यांच्या पिशवीत कागदी रुमालात गुंडाळलेल्या चार गोळ्या निघाल्या. तिच्याच पाठदुखीच्या, अफूच्या जातीच्या, डॉक्टरने लिहून दिलेल्या. पण दुसऱ्याला द्यायला निघालेल्या. भोळी बाई, तेही कबूल करून बसली. कुणाला, एवढं मात्र कोर्टातही सांगितलं नाही. चार दिवसांपूर्वी ती दोषी ठरली.

आता नोरीनने दहा दिवसांत सरकारला कळवायचं, आणि महिन्याभरात व्हर्नाला एकतर काढायचं, नाहीतर व्यसनमुक्तीच्या उपचारांना धाडायचं.

"उपचारांना जा ना. नोकरी तरी वाचेल."

"आणि व्यसनी म्हणून लिहून देऊ? माझी पोर त्याच व्यसनानं गेली, नोरीन. कोणत्या तोंडानं लिहू? काढून टाक आणि मोकळी हो."

नोरीनने सरकारी फॉर्म पुढे ओढला. 'संस्थेला हा गैरप्रकार कधी कळला?' तिने आजची तारीख घातली. मग पेन तसंच हातात राहिलं. तिचे वडील एप्रिलमध्ये गेले होते. खाणीत कंबर मोडलेली, आणि गोळ्यांवर निर्बंध आल्यापासून डॉक्टरांनीही हात आखडता घेतलेला. त्यांचा डबा व्हर्नाच नेत असे.

"फेब्रुवारीत बाबांच्या खिशात दोन गोळ्या सापडल्या मला," ती म्हणाली. "आपल्याच केंद्राच्या रुमालात. मी ओळखलं होतं, मावशी. विचारलं असतं तर कळवावं लागलं असतं, म्हणून विचारलं नाही. मोरीत टाकून दिल्या."

"ठाऊक आहे."

"बाबा बोलले? काय म्हणाले?"

"जाऊ दे गं."

"मावशी, काय म्हणाले?"

व्हर्नाने खुर्ची ओढली आणि जड अंगाने खाली बसली.

"म्हणाले, रात्रभर उशी दातांत धरून पडलो. पलीकडच्या खोलीत पोरगी झोपली होती, तिला ऐकू जायला नको."

नोरीनला रडू आवरेना. बाहेर कुणीतरी डबे भरले म्हणून हाक मारली. व्हर्ना सवयीने उठायला गेली आणि पुन्हा बसली.

नोरीनने डोळे पुसले, आजची तारीख खोडली आणि तिथे लिहिलं, फेब्रुवारी.

"अगं, वेडी की काय! तुझीपण नोकरी जाईल!"

नोरीनने खाली सही केली, कागद पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवून टाकलं.