पश्चिमेचा कोपरा

गोडाऊनची भिंत उभी राहिली त्याच उन्हाळ्यात साळूबाईच्या पॉलिहाऊसचा पश्चिमेकडचा कोपरा बिघडला. आधी तिच्या ते लक्षात आलं नाही. मिरचीच्या पानांवर पांढरी भुरी दिसली तेव्हा तिला वाटलं, रोपंच खराब निघाली. तिने औषध आणलं, फवारलं. आठवड्याने पुन्हा तेच. उरलेल्या पॉलिहाऊसमध्ये ढोबळी मिरची लाल-पिवळी होत होती आणि त्या एका कोपऱ्यात फुलं गळून मातीत पडत होती.

शेंद्र्याच्या शिवारात, एमआयडीसीच्या रस्त्यापासून थोडं आत, तिचं शेत होतं. बद्रीनाथने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, मोठ्या हौसेने पॉलिहाऊस उभं केलं आणि दोनच पिकं घेऊन तो हृदयविकाराने गेला. मूलबाळ नव्हतं. लोक म्हणाले, बाईमाणसाला जमायचं नाही, वावर देऊन टाका. साळूबाईने मिरची लावली.

शेजारचं पश्चिमेचं वावर तिच्या दिराचं, अप्परावचं. तिथं तिची जाऊ लक्ष्मीबाई राबायची. दोघी आपापल्या वावरात असत, पण बोलणं बांधावरून चालू असे. भाजी काय केली, विहिरीला किती पाणी आहे, ऊन कसं पडलंय. त्यात सांगण्यासारखं काहीच नसायचं. अप्परावने जमीन गोडाऊनवाल्यांना विकली, वाळूजला मुलाच्या नोकरीजवळ म्हणून बजाजनगरात फ्लॅट घेतला आणि दोघं निघून गेले. भांडण कसलंच झालं नाही. फोन आधी दर दोन दिवसांनी यायचा, मग सणाला येऊ लागला. ऊन लई पडलंय, एवढं म्हणायलाही आता साळूबाईला कुणी उरलं नव्हतं.

त्या साली लातूरला रेल्वेने पाणी नेत होते. साळूबाईच्या शेततळ्यात पाणी तळाला टेकलेलं होतं आणि तेवढ्यावरच फॉगर चालवायचे होते. वरच्या नळ्यांतून धुक्यासारखं पाणी सुटलं की आतली हवा जरा ओलसर होई, पाना-फुलांना जीव येई. पण मोटर पश्चिमेला, तळ्याजवळ. त्यामुळे तिकडे पाणी जोराने सुटायचं आणि पूर्वेच्या टोकाला पोचेपर्यंत नुसतं ठिबकायचं. पूर्वी ते खपून जायचं, कारण पश्चिमेच्या बाजूचा प्लास्टिकचा पडदा वर गुंडाळला की वारा आत शिरून सगळं एकसारखं करायचा.

एका सकाळी तिने देवापुढची उदबत्ती हातात धरून पॉलिहाऊसमध्ये फेरी मारली. पूर्वेला धूर तिरपा होऊन निघून गेला. पश्चिमेच्या कोपऱ्यात तो सरळ वर चढला, प्लास्टिकला लागला आणि तिथेच पसरून राहिला. पडद्याबाहेर हातभर अंतरावर पत्र्याची निळी भिंत होती, पॉलिहाऊसपेक्षाही उंच. वारा कुठे अडला ते तिला तेव्हा कळलं.

ती गोडाऊनवर गेली. तिथल्या साहेबाने खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. भिंत त्यांच्या हद्दीत होती आणि ती काही हलणार नव्हती. साळूबाई उठून परत आली. वाटेत तिला लक्ष्मीबाईचा राग आला. इतकी वर्षं शेजारी राबली आणि जाताना एका शब्दाने काही सांगितलं नाही.

मग तिने शहरातून हवा फिरवणारे दोन पंखे आणले, उष्णता आणि दमटपणा दाखवणारं एक मीटर होतं, तसंच आणखी एक आणलं. फॉगरची लाइन मधोमध तोडून दोन्ही भागांना वेगळे कॉक बसवून घेतले. पण एकटीला जमेना. पंख्याचं तोंड वळवायचं इकडे आणि फरक पडायचा तिकडे. कॉक जरा उघडून ती दुसऱ्या टोकाला मीटर बघायला जाई, तोवर ऊन चढलेलं असे, नाहीतर लाइट गेलेली असे. दुसरं माणूस हवं होतं. मजुरीला बाया मिळत नव्हत्या, सगळ्या कंपनीत झाडलोटीला जात होत्या. दोन-तीन दिवस तिने फोन हातात घेऊन परत ठेवला. शेवटी लक्ष्मीबाईला लावला. एक दिवस येशील का, थोडं काम आहे, एवढंच म्हणाली. काम कसलं, हेही न विचारता लक्ष्मीबाई येते म्हणाली.

रविवारी ती आली. बजाजनगर शहराच्या एका अंगाला, शेंद्रा दुसऱ्या. मधलं अख्खं शहर ओलांडून, दोन रिक्षा आणि एक बस बदलून आली. अंगाने भरली होती आणि चेहऱ्याचा रापलेपणा गेला होता. भिंतीकडे तिने एकदाच बघितलं. मग पदर खोचला आणि मीटर घेऊन पश्चिमेच्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. साळूबाई पूर्वेकडून आकडा सांगे, लक्ष्मीबाई तिकडून सांगे. पंखे एकमेकांच्या उलट दिशेने लावले, म्हणजे हवा एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने फिरून येईल. भिंतीकडच्या दोन ओळी लक्ष्मीबाईने स्वतः उपटल्या आणि हवेला मोकळा पट्टा करून दिला. भुरी लागलेली झाडं उचलताना ती थांबली.

"आक्का, ह्ये भिंतीमुळं झालं का?"

पडदा जुना झालाय, असं सांगायचं साळूबाईने आधीच ठरवून ठेवलं होतं. पण ते तोंडून निघेना.

"व्हय. भिंतीमुळंच."

लक्ष्मीबाई खाली बघत म्हणाली, "मला कुणी इचारलंच नाय. गाडीत बसवून नेलं, सही कर म्हणले. केली."

"मला तरी सांगायचं."

"काय सांगणार होते? तिसऱ्या मजल्यावर ऱ्हायला चालले, असं?" झाडांच्या मुळांची माती झटकत ती म्हणाली, "तिथं शेजारीन दार लावूनच असती. मी दिवसभर टीव्ही चालू ठिवते, आवाज ऱ्हावा म्हणून."

साळूबाईने तिच्या हातातली झाडं घेतली आणि बाहेर नेऊन टाकली. परत आल्यावर दोघींनी पुन्हा मीटर धरली. दुपार कलली तेव्हा दोन्हीकडचे आकडे जवळजवळ सारखे आले. लक्ष्मीबाईने खात्रीसाठी दोनदा वाचून दाखवलं. चहा पिऊन तिने बस गाठली. जाताना पुन्हा येते म्हणाली.

ती त्या उन्हाळ्यात आली नाही. आधी नातू आजारी पडला, मग अप्परावचे गुडघे धरले. साळूबाईनेही तगादा लावला नाही. फोनवर दोघी तब्येतीचं बोलत. मे महिन्यात तळं आटलं आणि फॉगर बंद ठेवावे लागले. पानं आखडली, मिरची बारीक राहिली, पण सगळीकडे सारखीच. एकही कोपरा मेला नाही. व्यापाऱ्याने माल बघून न कुरकुरता उचलला.

आता आत कुठेही उभं राहिलं तरी हवा एकच लागायची. अमुक एका जागी जाऊन बघावं असं काही उरलं नव्हतं. तरी दुपारी साळूबाई भिंतीकडच्या त्या मोकळ्या पट्ट्यात पोतं अंथरून बसायची आणि तिथेच भाकरी खायची. पलीकडे ट्रक मागे घेताना कुणीतरी ड्रायव्हरला हाका मारत असायचं, आने दो, आने दो. तो आवाज थांबेपर्यंत ती बसून राहायची.