दाराकडचे पाय

आपल्या खेळघरात नेलिदाने करवत चालवून चौथा पाय कापला आणि मेतेगोलचं टेबल सरळ उभं केलं. दांड्यांवरचे लाकडी फुटबॉलपटू खडखडले. तिने स्टूल ओढून बसून पाहिलं. हात दांड्यांच्या मुठींपर्यंत पोचत होते, गुडघे खाली मावत होते. चाकांची खुर्चीही मावली असती.

शेजारच्या बेकरीतली सुलेमा कमरेवर हात ठेवून बघत होती.

"वीज खाणारी खेळांची यंत्रं काढलीस, दाराशी उतार बांधलास, आता टेबलाचे पाय तोडलेस. उद्या छप्परही उतरवशील."

"दादा येणार असेल तर उतरवीन."

मेतेगोलमध्ये एवारिस्तोशी भिडायची अख्ख्या नेकोचेआ गावात कुणाची छाती नव्हती. अर्धांगाचा झटका आल्यापासून मात्र गेले दहा महिने तो समोरच्याच घरात पडदे ओढून बसला होता. उतार बांधल्याचं सांगायला ती गेली, तेव्हा म्हणाला, "माझी कीव करायचे धंदे बंद कर." त्याच्या बंद खिडकीकडे बघून तिचा जीव तुटायचा.

सुलेमाने चेंडू टाकला. तो थांबला नाही, गडगडत दाराकडच्या गोलात जाऊन पडला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच.

"अगं, हा तर आपोआपच गोल करतोय. काय करून ठेवलंस?"

"मला काय कळतंय त्यातलं? दादाला विचार."

सुलेमा पिठाच्या हातांनीच रस्ता ओलांडून गेली. थोड्या वेळाने ती खुर्ची ढकलत उतारावरून वर आली. खुर्चीत एवारिस्तो होता. दाढी वाढलेली, अंगात घरातला स्वेटर.

"चारही पाय सारख्याच उंचीचे केलेस?" तो दारातूनच कडाडला. "बाबांनी दाराकडचे दोन पाय दोन बोटं लांब ठेवले होते. त्यांनी काय उगीच ठेवले? लाकडाचे तुकडे आण. आणि तू हात लावू नकोस, आणखी वाट लावशील."

नेलिदा तुकडे आणत राहिली. एका हाताने तो पाचर बसवी, चेंडू सोडून बघे, पुटपुटत पुन्हा काढी. दुपार टळली तरी त्याचं समाधान होईना.

"एवढ्यात नाही व्हायचं," तो शेवटी म्हणाला. "उद्या सकाळी येतो."

"ये," ती म्हणाली.

त्याला घरी सोडून सुलेमा परत आली.

"बाबांचं ते माप तू विसरलीस तरी कशी?"

"वय झालं गं."

नेलिदा बादली घेऊन आतल्या भिंतीपाशी गेली. चाळीस वर्षं ती फरशी तिथूनच धुवायला घेई, म्हणजे पाणी आपसूक दाराकडे जाई.