आजींच्या उशाचा पंखा

मित्रांनो, मी एक जुना टेबलफॅन आहे आणि आज माझं डोकं तापलं आहे. मोटर जळाली म्हणून नव्हे, माणसांमुळे!

कारखान्यातून निघालो तेव्हा मी काय ऐटीत होतो! हिरवी पाती, लोखंडी जाळी, भक्कम बूड. आजी तेव्हा घरी कपडे शिवायच्या. मला मशीनपासून जरा लांबच ठेवायच्या, नाहीतर चिंध्या खोलीभर उडायच्या. "हा माझा कामाचा गडी," असं त्या आल्यागेल्याला कौतुकानं सांगायच्या. पुढे अर्धांगवायूनं आजी अंथरुणाला खिळल्या. त्यांच्या छोट्याशा खोलीत दुसरा पंखा नाही. मी जरा कुरकुरतो, पण वारा देतो.

यंदा वसाहतीत वीजबचतीची मोहीम निघाली. चांगलीच गोष्ट! तिचा सेक्रेटरी आजींचा मुलगा. प्रत्येक घरानं विजेवरची एक वस्तू खालच्या सभागृहात जमा करायची, मग दारावर हिरवा तारा लागणार, असं ठरलं. घरात सरबताच्या बाटल्यांसाठी वेगळा, दुसरा फ्रिज आहे. तो द्यायला याचा जीव होईना! भर उन्हाळ्यातल्या दुपारी यानं मलाच उचललं. आजींना नीट बोलता येत नाही. त्यांनी नुसता हात वर केला.

"आई, जुना झालाय गं हा. फार वीज खातो," तो म्हणाला.

चोराच्या उलट्या बोंबा! तुझा तो फ्रिज काय हवा खाऊन जगतो?

सभागृहात मला टेबलावर मांडलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. भर दुपारी डोक्यावर सगळे दिवे लख्ख चालू होते. कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

तेवढ्यात सूनबाई धापा टाकत आल्या. कामावरून घरी येऊन बघतात तर आजी घामानं निथळलेल्या, हाकेला ओ देईनात. डॉक्टरांना फोन करून, शेजारच्या काकूंना आजींजवळ बसवून त्या माझ्यासाठी धावल्या होत्या.

"आईंचा पंखाच दिसला तुम्हाला?"

"अगं हळू, सगळे बघताहेत."

"बघू देत! कळू दे सगळ्यांना!"

त्यांनी मला छातीशी धरलं आणि जिना चढल्या. डॉक्टर आले. आजींनी डोळे उघडले तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. संध्याकाळी मुलगा खोलीच्या दारात उभा राहिला. आईची चौकशी करेल असं मला वाटलं.

"आपला तारा गेला," तो म्हणाला.

आजींनी तोंड माझ्याकडे फिरवलं.

मित्रांनो, वीज वाचवा, जरूर वाचवा. पण आधी स्वतःच्या चैनीचं बटण बंद करा. ज्याला उठून 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या उशाचा वारा काढून घेऊन टाळ्या मिळवता? लाज वाटू द्या जरा!