चालायचंच

टक्. मग नुसती शांतता. मग पुन्हा टक्.

दुपारच्या निवांत घरात स्वरदा त्या एवढ्याशा आवाजाला कान लावून बसली होती. शौनकच्या तोंडाला लावलेल्या प्लास्टिकच्या नळकांड्याला आतून एक झडप होती. त्याने दम्याच्या पंपाचं औषध ओढलं की ती वाजायची. झडप वाजली म्हणजे श्वास आत गेला. पाच वर्षांचं पोर मांडीवर पाय पसरून छताकडे बघत होतं, कंटाळलेलं, आणि तिचा हात त्याच्या छातीवर होता.

खरं तर यंदा पंप कपाटातच असायचा. आज खालच्या मजल्यावर फरशी कापायचं काम निघालं, म्हणून बाहेर आला. मरोळच्या या घराच्या खिडकीखालीच बसचा शेवटचा थांबा. पूर्वी डिझेलच्या गाड्या तिथे इंजिन घुरघुरत ठेवून उभ्या राहायच्या. खिडकीच्या जाळीवर बोट फिरवलं की काळं व्हायचं. थंडीत शौनक रात्र रात्र बसून काढायचा. मग विजेवरच्या बस आल्या. आवाज नाही, धूर नाही. आली कधी, गेली कधी, कळायचंसुद्धा नाही. तो हिवाळा पोराने आडवं झोपून काढला. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, कारणं बरीच असतात, सगळं श्रेय बसला देऊ नका. पण आईला कुणाला तरी श्रेय द्यावंसं वाटतंच. भाजी निवडता निवडता ती खिडकीतून त्या बसकडे बघायची, ते जवळजवळ हात जोडल्यासारखं.

शौनकचा श्वास सुरळीत झाल्यावर त्याला सासूबाईंकडे देऊन ती स्टुडिओत गेली.

अंधेरीला एका इमारतीच्या तळघरात तिचं डबिंगचं काम चालायचं. राजेश तिथला दिग्दर्शक. कॉलेजातल्या एकांकिकांपासूनचा मित्र, त्यामुळे मानपान कधीच संपलेला. या खेपेची फिल्म लिथियमची, म्हणजे बॅटऱ्यांत लागणाऱ्या धातूची होती. कोकणात कुठेतरी नदीकाठी ते शुद्ध करायचा कारखाना निघणार होता. कच्चा माल बोटीने परदेशातून यायचा, पाणी नदीचं वापरायचं. गावातल्या लोकांची भीती मोडावी म्हणून कंपनीने ही फिल्म काढली होती आणि ती गावोगाव दाखवायची होती. कोकणात कुठे, ते स्वरदाने विचारलं नाही.

फिल्ममध्ये जिथून माल येतो तो दूर देश होता. पांढरंशुभ्र मिठाचं वाळवंट, जमिनीच्या पोटातलं खारं पाणी उपसून उन्हात वाळवायला भरलेली निळी-हिरवी तळी, आणि त्यांच्या काठावर घर असलेली, स्पॅनिश बोलणारी एक म्हातारी. या म्हातारीचा आवाज स्वरदाला द्यायचा होता. राजेश म्हणाला होता, अगदी गावची वाटली पाहिजे, पुस्तकी नको. तिला फार शोधावं लागलं नाही. घरात मालनबाई होत्याच. चाळीस वर्षं मुंबईत काढूनही सासूबाईंच्या जिभेवरचं मालवणी उतरलं नव्हतं. दूध नासलं, चालायचंच गो. मालिका बंद पडली, चालायचंच. सून उशिरा आली तरी चालायचंच, फक्त ते जरा लांबवून, म्हणजे समजायचं ते समजावं. स्वरदाने तो हेल उचलला, ते शब्द ओठांच्या कोपऱ्यातून सोडणं उचललं, आणि काचेपलीकडे राजेशने अंगठा दाखवला.

डबिंगमध्ये नुसते शब्द देऊन भागत नाही. धाप, उसासा, आवंढासुद्धा द्यावा लागतो. म्हातारी आपल्या आटलेल्या झऱ्याबद्दल बोलते त्या ठिकाणी तिने एक लांब श्वास घेतला होता, अर्ध्यात अडकलेला. स्वरदाने तो जसाच्या तसा घेतला. मग ओळ म्हटली, हातातल्या कागदावर होती ती: “पाणी खाली गेला. आता आमचा काय गो?”

राजेशने थांबवलं. फोनवर कंपनीचा सौरभ नावाचा पोरगा होता, त्याला म्हणे ही म्हातारी फार रडकी वाटत होती. थोड्या वेळाने बदललेली ओळ आली. पाणी खाली गेला, चालायचंच. आणि तोंडावर जरा हसू ठेवायचं.

“अर्थ तोच आहे ना, यार,” राजेश म्हणाला.

“तोच नाहीये रे. ती विचारतेय काहीतरी.”

“तुला स्पॅनिश कधीपासून यायला लागलं?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “शौनकला बरं आहे ना आता? तूच सांगत होतीस, नवीन बस आल्यापासून. मग त्या बॅटऱ्या काय आकाशातून पडतात का?”

तो वाईट माणूस नव्हता. तिला दुखवायचं म्हणूनही बोलला नव्हता. पण ते बरोबर तिथेच जाऊन बसलं. तिला दुपारी तळहाताखाली वरखाली होणारी छाती आठवली. जगात कुठेतरी कुणीतरी थोडं सोसल्याशिवाय हे होणारच नसेल, तर सोसू दे, असं तिच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. तिची तिलाच भीती वाटली, तरी तो विचार मागे घ्यावासा वाटला नाही.

“आणि तो श्वास काढ,” हेडफोनमध्ये राजेश म्हणाला. “सरळ बोल.”

तिने श्वास काढला. सरळ बोलली. चालायचंच, असं सहज, चुलीपुढून उठता उठता म्हणावं तसं. पहिल्याच टेकमध्ये झालं. झकास, राजेश म्हणाला.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. घरात शाळा, डबे, आजारपणं चालू राहिली. एका रविवारी दुपारी मालनबाईंच्या भावाचा, धोंडिरामकाकांचा, गावाहून फोन आला. सासूबाई कानाला फोन लावून नुसतं हूं, हूं करत होत्या. त्यांचं हूं नेहमी मोठं असायचं. आज बारीक होत गेलं.

फोन ठेवल्यावर त्यांनी सांगितलं ते असं. गावात ग्रामसभा झाली. कारखाना नदीचं पाणी घेणार म्हणून लोक कुरकुरत होते, काकांची पोफळीची बाग काठालाच, ते तर पहिल्यापासून नाहीच म्हणत होते. मग पडद्यावर फिल्म लावली. परक्या मुलखातली म्हातारी अगदी आपल्यासारखी बोलते म्हणून बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, अगो, ही तर आमची मालन. तिचं पाणी गेलं तरी ती हसते, मग आपण कशाला रडायचं, असंही कुणी बोललं. पोरांना नोकऱ्या हव्याच होत्या. हात वर झाले. काका एकटेच हात मांडीवर ठेवून बसले.

काकांनी फिल्म पाठवलीही होती. मालनबाईंनी चष्मा लावून ती पूर्ण पाहिली. म्हातारी आली तेव्हा त्यांनी पडद्यावरून नजर काढून सुनेकडे बघितलं.

स्वरदा सांगायला लागली. ओळ तिने लिहिली नव्हती. गाव कुठलं ते तिला ठाऊक नव्हतं. धुराचं सांगितलं, बसचं सांगितलं, शौनकचं सांगितलं. सासूबाई मध्येच तिला अडवून म्हणाल्या, तां पण खरा. पोराबरोबर मीच बसत होतंय रात्रीची, माका काय म्हायत नाय?

मग त्यांनी मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“माझो आवाज घेतलंस, तो घेतलंस,” त्या म्हणाल्या. “पण पाण्याक मी कधी चालायचंच म्हटलंय काय गो?”

नव्हत्या म्हणाल्या. स्वरदाने आठवून पाहिलं. नळ गेला की ही बाई दहा वेळा उठून टाकीचं झाकण उघडून बघायची, तोंडाने चकार शब्द न काढता. दुधाला चालायचंच होतं, मालिकेला होतं, सुनेलाही होतं. पाण्याला नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहून तिने हेल तेवढा उचलला होता.

राजेशला फोन करता येईल, ती म्हणाली. ती ओळ बदलायला सांगते. मालनबाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. हात वर होऊन गेले होते. ठराव झाला होता. नदीकाठी मोजणीचे दगड बसले होते म्हणे.

शौनक एवढा वेळ पलंगाखाली खेळत होता. त्याने आजीच्या मांडीवरचा मोबाइल उचलला आणि आईचा आवाज ऐकायचा म्हणून फिल्म पुन्हा लावली. म्हातारी बोलली. त्याने मोबाइल कानाला घट्ट दाबला, मागे नेऊन पुन्हा लावली, पुन्हा दाबला. म्हातारीचा मूळ आवाज स्टुडिओत पुसला नव्हता. माहितीपटात ठेवतात तसा खाली अगदी हलका ठेवला होता. स्वरदाचं बोलून झाल्यावरही तो थोडा वेळ चालू राहत होता.

“आई,” तो म्हणाला, “तुझ्या आवाजाच्या खाली अजून एक आजी बोलतेय. ती काय विचारतेय?”