पट घटलेल्या शाळेचा फळा

शाळेत स्पर्शाचा फळा आला. नवा म्हणजे या शाळेला नवा. आधी तो दुसऱ्या एका शाळेत होता. तिथली मुलं म्हणे कमी कमी होत गेली, शेवटी शाळाच बंद पडली.

"बोटानं लिहायचं, तळहातानं पुसायचं," मुख्याध्यापकांनी दुसरीच्या बाईंना बजावलं. "मलासुद्धा जमलं, म्हणजे बघा."

बाईंचा जन्म खडूत गेलेला. लिहिताना डावा तळवा फळ्यावर टेकवायची खोड अंगात मुरलेली.

सकाळी फळ्यावर मुलांचे फोटो यायचे. ज्याने त्याने आपला चेहरा बोटाने ओढत चित्रातल्या घरात न्यायचा, की लागली हजेरी. त्या दिवशी सगळे घरात पोचले, बाई तारीख लिहायला वळल्या, तळवा टेकला आणि वर्गातली गुणगुण थांबली.

गुणगुण भुंग्याची. सदानकदा नाकात गाणारं पोर. बाईंनी "भुंग्या, गप!" म्हणावं आणि त्याने मान डोलावून पुढचं कडवं घ्यावं.

बाईंनी मागे पाहिलं. त्याची जागा रिकामी. घरातला फोटोही गायब.

"भुंगा कुठे गेला गं?"

"कोण भुंगा, बाई?" शेजारच्या मुलीने दप्तर ऐसपैस पसरलं.

"अगं, रोज तुझ्या शेजारी बसतो तो!"

"मी एकटीच बसते की!"

वर्ग खिदळला. शाळा सुटल्यावर त्याची आई फाटकाशी येईल, तिला काय सांगायचं? आणि ती आलीच नाही तर?

फळ्याच्या कोपऱ्यात मागे वळलेला बाण होता. पुसलेलं परत आणणारा. बाईंनी त्यावर बोट ठेवलं. घाईघाईत ते दोनदा लागलं.

गुणगुण सुरू झाली. आज बाई काही "गप" म्हणाल्या नाहीत.

मग त्यांना दिसलं, भुंग्याच्या पलीकडे आणखी एक मुलगी बसली होती. गणवेश वेगळाच. हाताची घडी, तोंडावर बोट.

"तू कोण गं, बाळ?"

मुलीने तोंडावरचं बोट काढलं. "बाई, मी एकटीच आले? बाकीचे?"

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. परत आणण्यासारखं काही उरलं नाही, की बाण विझतो. तो विझला नव्हता.

बाईंनी डावा हात पदरात घट्ट गुंडाळला, उजव्या हाताचं बोट पुढे केलं.

"मुलांनो," त्या म्हणाल्या, "जरा सरकून बसा रे. जागा करा."