खेमा ढाणीचं तिकीट

चौथीही मुलगीच झाली तेव्हा जगरूपने तिचं नाव भतेरी ठेवलं. म्हणजे पुष्कळ झाल्या, आता पुरे. हरियाण्यात अशी नावं ठेवतात आणि पोरी ती निमूट वागवतात. ही मात्र शिकतच सुटली. खेमा ढाणीतून शहरातल्या नर्सिंग कॉलेजात जाणारी ती पहिलीच, आणि तेही सकाळच्या सरकारी बसच्या जिवावर.

"बस आहे तोवर कॉलेज," बापाने बजावलं होतं. "कुणाच्या मोटारसायकलवर दिसलीस, तर त्याच महिन्यात लग्न लावून टाकीन."

आणि बस बंद होणार अशी खबर आली.

सरपंच आणि जगरूप डेपोत गेले. अर्ज भतेरीने लिहिला होता, म्हणून तिलाही नेलं. डेपोचा साहेब अर्ज न वाचताच म्हणाला, "ताऊ, खेमा ढाणीत माणसं राहतात तरी का? वर्षभरात तिथून एक तिकीट फाटलेलं नाही. रिकामी बस कशाला पाठवू?"

"रिकामी? उभं राहायला जागा नसते हो!" सरपंच उसळला, आणि मग त्याची त्यालाच ट्यूब पेटली.

कंडक्टर होशियारा खेमा ढाणीचाच. गावची प्रत्येक लेक त्याची भाची नाहीतर पुतणी, मग तिच्याकडून भाडं कसं घ्यायचं? लेकीला द्यायचं असतं, तिच्याकडून घेतात का कधी? म्हाताऱ्यांपुढे हात पसरायची त्याची छाती नव्हती. तरण्यांकडे मोटारसायकली होत्या. सुनांकडून त्याने पैसे घेतलेही असते, पण सुनांना जाऊ देतंय कोण! झालं. माणसाच्या चांगुलपणाने अख्खं गाव कागदावर ओसाड करून टाकलं.

साहेबाने एक महिना दिला. तिकिटं फाटली तर बस, नाहीतर नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांनी कुरकुरत का होईना, पैसे काढले. पण बसमध्ये म्हातारे असे कितीसे? बाकी सगळ्या पोरीच. भतेरीने दहाची नोट पुढे केली. होशियाराने नेहमीसारखा तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे सरकला.

"चाचा, तिकीट द्या."

"चल, वेडी कुठली! तुझे पैसे घेऊन मी कुठल्या नरकात जाऊ?"

"बस बंद झाली तर बाबा मला घरी बसवतील."

"मी समजावतो ना जगरूपला."

"तुम्ही समजावाल, ते हो म्हणतील आणि पावसाळ्यानंतर माझं लग्न लावतील." तिचा आवाज चिरकला. सगळी बस ऐकत होती, आणि तिला त्याची भयंकर लाज वाटली. तरी नोट तिने तशीच धरून ठेवली. "चाचा, मला गावची लेक धरू नका. पॅसेंजर धरा."

होशियारा थांबला. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती कुणी परकी, मागच्याच थांब्यावर चढलेली.

"कुठलं?" त्याने विचारलं.

"चाचा..."

"कुठलं तिकीट देऊ?"

तिने शहराचं नाव सांगितलं. त्याने तिकीट फाडलं, नोट घेतली, आणि मागच्या पोरीकडे वळला. तीही दप्तरात पैसे शोधायला लागली.

महिना सरला आणि बस राहिली. सरपंचाने गावात जिलेबी वाटली, साहेबाचे आभार मानले. खेमा ढाणीत माणसं राहतात हे आता डेपोलाही पटलं होतं. भतेरी दुसऱ्या वर्षाला गेली, मग तिसऱ्या.

सकाळी ती बसमध्ये चढते. लहान पोरी होशियाराला चाचा म्हणून चिडवतात, पूर्वीसारखे शेंगदाणे मागतात. पोरी तिकीट काढायला लागल्यापासून तो शेंगदाणे त्यांनाही देत नाही, पण निदान हसतो तरी. भतेरीसमोर आला की मात्र मान खाली घालतो. तीन वर्षं ती त्याच जागी बसते आणि त्याच शहरात जाते.

"कुठलं?" तो विचारतो.

आणि ती रोज सांगते.