केळीबागेतली दोन-एकची वाट

काचबिंदूनं निंबाआबांची नजर नेली आणि देवचंदनं त्यांची खाट ओसरीवर टाकली. "बसा आता निवांत." मुलगा वाईट नव्हता, भित्रा होता. पण यावलच्या मातीत जन्मभर केळी लावलेल्या माणसाला निवांत बसा म्हणणं म्हणजे जिवंतपणीच फोटोला हार घालणं.

देवचंदची धाकटी बहीण कला जळगावहून सुट्टीत आली, ती एम.एस्सी.चे स्फटिक डोक्यात घेऊनच. एसटीच्या खिडकीतून केळीबागा बघताना तिला गुंगीच आली होती. सारख्या अंतरावरचे केळीचे खांब, आणि गाडी सरकेल तशा त्यांच्यातून सरळ, तिरप्या वाटा उघडत होत्या, मिटत होत्या. स्फटिकात अणू असेच उभे असतात, आणि त्यांच्यातल्या प्रत्येक वाटेला आकड्यांचं नाव असतं.

"आबा, मोटरखोलीजवळचा खांब म्हणजे शून्य," दुसऱ्या दिवशी बागेत ती म्हणाली. "सातपुड्याकडे दोन खांब, मग उगवतीकडे एक. पुन्हा दोन, पुन्हा एक. ही वाट दोन-एक. उलट्या अंगानं गेलं की उणे. ती उण्याची रेघ आकड्याच्या डोक्यावर देतात."

"डोक्यावर?" आबा हसले. "आकड्यानं पदर घेतला का माय?"

"पडले ना आबा, तं पुन्हा बागेचं नाव काढू नको," देवचंदनं बांधावरून बजावलं.

आबा मोठ्यानं आकडे म्हणत, खांब चाचपत निघाले. हिरव्या उजेडात त्यांचं धोतर दिसायचं, नाहीसं व्हायचं. कलाला वाटलं, आपण बागेत नाहीच, एखाद्या भल्यामोठ्या स्फटिकाच्या पोटात उभे आहोत. ती हरखून गेली.

मग आकडे ऐकू येईनात.

"तिकडला एक खांब वाऱ्यानं पडेल हाये," देवचंद चाचरला. "तुले सांगायचं राह्यलं."

अणू नसलेल्या अशा रिकाम्या जागा पुस्तकातल्या स्फटिकातही होत्या, बागेतही असतील हे कलालाच सुचलं नव्हतं. आबांचा हात पुढे गेला असेल आणि हाताला काहीच लागलं नसेल. तिनं घसा फोडून हाक मारली. देवचंद बांधावरून उडी टाकून आत धावला.

उत्तर आलं ते भलतीकडून, तिनं न सांगितलेल्या वाटेवरून.

"बोंबलता कायले? एक, उणे एक! सातपुड्याकडे एक, मावळतीकडे एक. माह्या मनानं काढली वाट. हरपलो नई, हिंडून राह्यलो मी!"

देवचंद होता तिथंच थांबला. नजर गेल्यापासून वर्षभरात पहिल्यांदा बापानं त्याला दटावलं होतं. कलाला रडू आवरेना.